आधी केमो की आधी शेक?

घशाचा कॅन्सर, तोही पुढच्या स्टेजचा, असं निदान झालं की नातेवाईकांचा एक प्रश्न हमखास येतो: "आधी केमो का आधी शेक?" (शेक म्हणजे रेडिएशन.) ऑपरेशन शक्य नसेल तर डॉक्टरांचं उत्तर बऱ्याचदा असतं, दोन्ही एकदम! आधीच खंगलेल्या माणसावर दुहेरी मारा कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण या 'एकदम'ला मोठा इतिहास आहे. आज तोच बघू.

सुरुवात झाली योगायोगाने. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विजेचा पेशींच्या विभाजनावर काय परिणाम होतो ते तपासत होते. वीज सोडली की जिवाणू लांबच लांब वाढायचे, पण एकाचे दोन काही होईनात. शेवटी कळलं की करामत विजेची नाही, इलेक्ट्रोडमधून विरघळलेल्या प्लॅटिनमची आहे! 1965 साली हे छापून आलं. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध निघालं आणि 1978 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

रेडिएशन पेशीचा डीएनए तोडतं. पेशी तो परत जोडायला बघते, आणि सिस्प्लॅटिन त्या दुरुस्तीत खोडा घालतं. म्हणजे औषध त्याच दिवसांत अंगात हवं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सीरियल नाही, पॅरलल.

हे नुसत्या तर्कावर ठरलं नाही. 2000 साली 'लॅन्सेट'मध्ये 63 चाचण्यांतल्या 10,741 पेशंटचा एकत्र हिशोब आला. केमो आधी किंवा नंतर दिली तर फारसा फरक नाही. सोबत दिली तर पाच वर्षांनी शंभरात 8 जण जास्त जिवंत. 2009 च्या वाढीव हिशोबात हा आकडा 6.5 झाला, पण निष्कर्ष तोच राहिला.

आता आपल्याकडचं. सिस्प्लॅटिनचा मूळ डोस मोठा, दर तीन आठवड्यांनी 100 मिलिग्रॅम (शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे). उलट्या होतात, किडनीला आणि कानाला धोका असतो. म्हणून आपल्याकडे दर आठवड्याला 30 चा छोटा डोस देण्याची पद्धत पडली होती. परळच्या टाटा हॉस्पिटलने 300 पेशंटवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या (बहुतेकांचं आधी ऑपरेशन झालेलं होतं). 2018 मध्ये निकाल छापून आला. दोन वर्षांनी रोग मूळ जागी आटोक्यात होता तो मोठ्या डोसवाल्यांत 73 टक्के, छोट्या डोसवाल्यांत 58 टक्के! पुढे 2022 मध्ये जपानी चाचणीत ऑपरेशननंतरच्या पेशंटमध्ये आठवड्याचा 40 चा डोस मोठ्या डोसपेक्षा कमी पडला नाही. म्हणजे दोष 'दर आठवड्याला' यात नव्हता, एकूण औषध कमी पडत होतं.

आणि ज्यांना सिस्प्लॅटिन झेपतच नाही? त्यांच्यासाठी टाटानेच रेडिएशनसोबत डोसिटॅक्सेल देऊन पाहिलं. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण जवळपास 42 वरून 51 टक्क्यांवर गेलं. हे 2023 मध्ये छापून आलं.

एवढं सगळं खरं, पण जालन्याच्या पेशंटची खरी परीक्षा वेगळीच आहे. शेक आठवड्यातून 5 दिवस, 7 आठवडे, म्हणजे 35 वेळा. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) 2012 मध्ये सरकारी कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं म्हणून अंतर 60 किलोमीटरवर आलं. नाहीतर बार्शी किंवा थेट मुंबई गाठा! तरी रोजचं जाणं-येणं, बुडालेली मजुरी, तोंडावर आलेली पेरणी हे आहेच. त्यात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, घोट उतरत नाही. "जरा बरं वाटलं की परत येऊ" असं म्हणून माणूस गावी निघतो. आणि नेमक्या याच सुमारास उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जोराने वाढायला लागलेल्या असतात. मध्येच पडलेला खंड नंतर पुरता भरून निघत नाही.

म्हणून पहिल्या शेकाच्या आधीच तीन गोष्टी पक्क्या करा: सात आठवडे राहायचं कुठे, गिळता आलं नाही तर नाकातून नळी कधी घालणार, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव बसतं का. बाकीचं डॉक्टर बघतील. तारखा मात्र घरच्यांनीच सांभाळायच्या आहेत.