एका वर्षाची ‘मास कॉम’ : एका मुदतीचा इतिहास आणि आपला प्रवेश

आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की प्रवेशाची गोष्ट इतिहासाच्या व्याख्यानात कशाला? ती तर समुपदेशकाला विचारायची. पण आज परदेशी एका वर्षाच्या मास्टर्ससाठी घरं कर्ज काढताहेत, आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्याकडेही एका वर्षाची पदव्युत्तर पदवी आली आहे. अशा वेळी आपण एक साधा प्रश्न विचारायला हवा. हे ‘एक वर्ष’ आलं कुठून? आणि ते कुणाला डोळ्यांसमोर ठेवून ठरवलं गेलं? याचं उत्तर सापडलं, की प्रवेशाची तयारी कधी आणि कशी करायची हेही बऱ्याच अंशी कळतं.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करूया. जोसेफ पुलित्झर हे तिथल्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्राचे मालक. पत्रकारिता विद्यापीठात शिकवावी, त्यासाठी आपण पैसे देऊ, असा प्रस्ताव त्यांनी 1892 मध्ये कोलंबिया विद्यापीठापुढे ठेवला. विद्यापीठाने तो नाकारला. वर्तमानपत्राचं काम वर्तमानपत्रातच शिकायचं, त्याला वर्ग कशाला, असा तो काळ होता. पुढे 1903 मध्ये कोलंबियाने 20 लाख डॉलरची देणगी स्वीकारली. मग सल्लागार मंडळावर कोण असावं यावरून दोघांचं बिनसलं आणि काम रखडलं. मधल्या काळात, 1908 मध्ये, मिसुरी विद्यापीठाने आपली पत्रकारितेची शाळा सुरू करून टाकली. पुलित्झर 1911 मध्ये वारले आणि कोलंबियातली शाळा 1912 मध्ये उघडली. म्हणजे ज्यांनी पैसे दिले, त्यांना ती पाहायला मिळालीच नाही.

पुलित्झर यांनी 1904 मध्ये या कल्पनेच्या समर्थनार्थ एक मोठा लेख लिहिला होता. त्यातली विषयांची यादी बघण्यासारखी आहे. कायदा, नीतिशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, आधुनिक भाषा, भौतिक विज्ञान. बातमी कशी लिहायची हे त्यात होतंच, पण ते एकटं नव्हतं. वृत्तपत्राचा धंदा कसा चालवायचा हे मात्र शिकवू नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. म्हणजे काय, तर लिहिता येणं ही निम्मी गोष्ट झाली. ज्या विषयावर लिहायचं तो विषय समजणं ही उरलेली निम्मी. हे सूत्र ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद याच्याभोवती फिरतो.

इथे आपल्या ओळखीचं एक नाव येतं. 1913 मध्ये त्याच कोलंबियाच्या आवारात पत्रकारितेच्या शाळेची नवी इमारत उभी राहिली, आणि त्याच वर्षी महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. ते त्या शाळेत गेले नाहीत. त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास असे विषय घेतले आणि 1915 मध्ये एम.ए. केलं. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू झालं, तेव्हा त्यामागे पत्रकारितेची पदवी नव्हती. विषयाचा अभ्यास होता आणि सांगायलाच हवं असं काही होतं. आणखी एक गोष्ट. शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची, अशी अट त्या शिष्यवृत्तीला होती. परदेशी शिक्षणाला किंमत असते आणि ती करारावर सही करतानाच ठरते. ही गोष्ट तेव्हाही खरी होती.

आता मूळ मुद्दा. कोलंबियातली शाळा सुरुवातीला पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी होती. 1935 मध्ये अधिष्ठाता कार्ल ॲकरमन यांनी तिचं रूप बदललं. ते त्याच शाळेच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. त्यांनी ठरवलं की इथे येणाऱ्याकडे आधीच एक पदवी असली पाहिजे, आणि इथे त्याला एका वर्षात मास्टर्स मिळेल. अमेरिकेतलं अशा प्रकारचं हे पहिलं पदव्युत्तर पत्रकारिता विद्यालय. एक वर्ष पुरेल असं त्यांना का वाटलं? कारण पुलित्झर यांच्या यादीतले विषय विद्यार्थ्याने आधीच्या चार वर्षांत शिकलेले असणार, असं गृहीत होतं. आधी चार वर्षं विषय, मग एक वर्ष कसब. ते एक वर्ष म्हणजे इमारतीचा वरचा मजला होता. पाया विद्यार्थ्याने स्वतःबरोबर आणायचा होता.

बरं, हा हिशेब कायमचा जुळला का? नाही. 2002 मध्ये कोलंबियाचे नवे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी या शाळेसाठी चाललेली अधिष्ठात्याची निवडच थांबवली. त्यांचा सवाल होता की आजच्या काळात पत्रकारितेच्या शाळेने नेमकं शिकवायचं काय? नुसत्या कसबाचं एक वर्ष पुरेसं आहे का? त्यावर समिती बसली, मोठी चर्चा झाली. पुढे अधिष्ठाता निकोलस लेमन यांच्या काळात, 2005 मध्ये, एक वेगळी एम.ए. सुरू झाली. राजकारण, अर्थकारण, विज्ञान, कला यांपैकी एक विषय घेऊन त्यात खोल जायचं, असं तिचं स्वरूप. जुनी एका वर्षाची पदवीही चालू राहिली. म्हणजे शंभर वर्षांनी पुलित्झर यांची यादी पुन्हा टेबलावर आली.

इथपर्यंत आपण पत्रकारितेबद्दल बोललो. मग ‘कम्युनिकेशन’ हा शब्द कुठून आला? त्यासाठी विल्बर श्रॅम हे नाव लक्षात ठेवावं लागेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात काम केलेला हा प्राध्यापक. 1947 मध्ये त्यांनी इलिनॉय विद्यापीठात संज्ञापन-संशोधनाची संस्था उभी केली, पुढे 1955 मध्ये ते स्टॅनफर्डला गेले. बातमी कशी लिहायची एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. संदेश लोकांपर्यंत पोचतो कसा, पोचल्यावर काय होतं, हे त्यांना मोजायचं होतं. पत्रकारितेच्या कसबाला समाजशास्त्र आणि मानसशास्त्र येऊन मिळालं ते असं. आज तुम्ही ‘मास कॉम’चं माहितीपत्रक उघडता तेव्हा त्यात एका बाजूला कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूला सिद्धान्त दिसतात, त्याचं मूळ इथे आहे. काही ठिकाणी पहिली बाजू जड असते, काही ठिकाणी दुसरी. पदवीच्या नावावरून ते कळत नाही. विषयांची यादी वाचावी लागते.

हेच श्रॅम 1963 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या अभ्यासगटाबरोबर भारतात आले. भारतात जनसंज्ञापनाच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय संस्था हवी, अशी शिफारस त्या गटाने केली. 17 ऑगस्ट 1965 रोजी तेव्हाच्या माहिती व नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीत आयआयएमसीचं उद्‌घाटन झालं. सुरुवातीचा भर होता केंद्रीय माहिती सेवेतल्या अधिकाऱ्यांवर. म्हणजे इथेही आधीच काम करणारी माणसं. पुढे याच संस्थेचा पदवीनंतरचा एका वर्षाचा पदविका अभ्यासक्रम नावारूपाला आला. तिचं एक केंद्र आज आपल्या अमरावतीत आहे, आणि 2024 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

महाराष्ट्रात मात्र सुरुवात त्याच्याही आधी झाली होती. सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वुल्सली 1952-53 मध्ये नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग उभा राहिला. जांभेकरांचं ‘दर्पण’ 1832 चं. म्हणजे मराठी पत्रकारितेची पहिली सव्वाशे वर्षं जवळजवळ पदवीशिवायच गेली. ती माणसं शिक्षक होती, वकील होती, समाजसुधारक होती. विषय त्यांच्याकडे आधीच होता.

आता ब्रिटनकडे वळूया, कारण एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आपली बरीच मुलं तिकडेच जातात. तिथे पत्रकार तयार व्हायचा तो उमेदवारी करून, गावच्या वृत्तपत्रात. 1970 मध्ये ‘पिक्चर पोस्ट’चे जुने संपादक टॉम हॉपकिन्सन यांनी कार्डिफला पदवीधरांसाठी एका वर्षाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या थोडं आधी, 1966 मध्ये, लेस्टर विद्यापीठात जेम्स हॅलोरन यांच्या नेतृत्वाखाली जनसंज्ञापन-संशोधनाचं केंद्र निघालं होतं. तिथल्या एका वर्षाच्या मास्टर्सची रचना आज साधारण अशी असते. एकूण 180 क्रेडिट्स. सप्टेंबरला सुरुवात. दोन सत्रं वर्ग. उन्हाळ्यात प्रबंध, बहुतेक 60 क्रेडिट्सचा. आपल्याकडे दोन वर्षांत पसरलेलं काम तिथे बारा महिन्यांत बसवलेलं असतं. दिवाळीच्या सुमारास तुम्ही तिथल्या थंडीची सवय करत असता, आणि तोवर पहिले निबंध द्यायची वेळ आलेली असते.

या मुदतीमुळे आपल्याकडे एक मोठी अडचणही होती. आपली एम.ए. दोन वर्षांची, त्यांची एका वर्षाची. त्यामुळे ती पदवी इथल्या पदवीशी समकक्ष मानली जात नसे. लाखो रुपये खर्चून परत आलेल्या मुलाला पीएच.डी.च्या किंवा प्राध्यापकीच्या दारात अडवलं जायचं. 21 जुलै 2022 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झाला आणि ही अडचण बऱ्याच अंशी सुटली. आता 2020 च्या धोरणानुसार आपल्याकडेही चार वर्षांची पदवी घेतलेल्याला एका वर्षात मास्टर्स करता येते. तीन वर्षांची पदवी असेल तर दोन वर्षं. नीट बघा, हा ॲकरमन यांचाच हिशेब आहे. वर्ष कमी करायचं, तर ते आधी कुठेतरी भरून आलेलं असलं पाहिजे.

मग प्रवेश घेऊ पाहणाऱ्याने यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, आपण बरोबर काय नेतोय हे तपासायचं. शेतीचं अर्थकारण, आरोग्य, न्यायालयं, पाणी, नाटक... काहीही असो, पण ज्याबद्दल आपण चार पानं नीट लिहू शकतो असा एक तरी विषय आहे का? किंवा एखाद्या दैनिकात, आकाशवाणीवर, संस्थेच्या जनसंपर्कात केलेलं दोन वर्षांचं काम आहे का? यांपैकी काही असेल तर ते एक वर्ष सोनं होतं. काहीच नसेल, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा आधी नोकरी हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे. त्यात कमीपणा काही नाही. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीची अट बघा. एका वर्षाच्या मास्टर्सचा पूर्ण खर्च मिळतो, पण आधी दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. बडोद्याची आठवण झाली ना?

दुसरी गोष्ट, वेळापत्रक. अभ्यास एका वर्षाचा असला तरी तयारी आदल्या वर्षी सुरू होते. चेव्हनिंगचे अर्ज ऑगस्टमध्ये उघडतात, ते पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरसाठी. शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा, गुणपत्रकं, उद्देशपत्र, सगळं त्यात आलं. आपल्या विद्यापीठांचे निकाल लांबतात, हे गृहीत धरूनच चालायचं. व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च सलग 28 दिवस खात्यात दाखवावा लागतो. सरकारी शिष्यवृत्त्यांचंही आधीच बघायचं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी दरवर्षी जाहिरातीत नीट वाचाव्यात.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती घरी उघडपणे बोलायची. ‘तिथे गेल्यावर काम करून फी फेडेन’ हे वाक्य आपण फार ऐकतो. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा असते, आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्याचे उन्हाळ्यातले प्रबंधाचे महिनेही साधारणपणे सत्रातच धरले जातात. त्या कमाईतून किराणा निघेल, थोडं भाडं निघेल. फी निघणार नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिलं वर्ष चुकलं तर दुसऱ्यात सावरता येतं. एका वर्षात ती सोय नाही. घर गहाण ठेवण्याआधी आई-वडिलांना हे माहीत असायला हवं.

तेव्हा अर्ज भरायला बसण्याआधी तीन कागद तयार करा. एकावर तुमचा विषय, एकावर महिन्यांचं वेळापत्रक, एकावर पैशांचा हिशेब. पहिला कागद कोरा राहिला, तर उरलेले दोन लिहायची घाई करू नका. कोलंबियापासून कार्डिफपर्यंत आपण पाहिलेली ही एका वर्षाची पदवी पहिला कागद भरून आणणाऱ्यांसाठीच आखली गेली होती. आता तुमच्या प्रश्नांकडे वळूया.