विस्तव आणि काडी

गेल्या जानेवारीत शेतात भरीत पार्टी ठरली होती. खान्देशी माणसाला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो, भरताची वांगी आम्ही गॅसवर भाजत नाही. उघड्यावर पऱ्हाट्या पेटवायच्या (कपाशी वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं) आणि त्या आगीत वांगी टाकायची. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि सकाळपासून वारा सुटला होता. नातवंडांनी एक अख्खी काडेपेटी संपवली. मग लायटर झाला. शेवटी एका हुशाराने मोटारसायकलमधलं पेट्रोल आणून ओतलं. पेटलं! पण भरताला पेट्रोलचा वास आला तो आलाच. सगळे हसले, मीही हसलो. मात्र मला दुसरीच एक आग आठवत होती. ती आज लिहितो.

त्याआधी थोडा इतिहास. मास्तरकीची सवय आहे, चालवून घ्या.

काडी आपल्याला ज्वाळा देते. वाऱ्याची झुळूक ज्वाळेला काडीपासून तोडते, काडी थंड पडते, खेळ खलास. निखाऱ्याचं उलट आहे. निखाऱ्याला वारा लागला की तो फुलतो, म्हणून तर चुलीपाशी फुंकणी असायची. आपल्या पूर्वजांकडे ज्वाळा देणारी वस्तूच नव्हती, जे होतं ते सगळं निखारा देणारं. चकमकीची ठिणगी कापसावर पडली की कापूस भडकत नाही, धुमसतो. तोड्याच्या बंदुकीचा तोडाही धुमसणारा. रात्री राखेत पुरलेला गोवरीचा तुकडा पहाटेपर्यंत धुमसत राहायचा. आमचा मुलूख वाऱ्याचा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला आज पवनचक्क्यांची रांग उभी आहे ती उगाच नाही. अशा मुलखात निखारा हेच शहाणपणाचं साधन होतं.

चकमकीबद्दल एक कबुली देतो. मी वर्गात कितीतरी वर्षं 'दगडावर दगड घासला की ठिणगी पडते आणि आग लागते' असं शिकवलं. ते अर्धवट आहे. गारेवर गार घासली तर अंधारात नुसती चमक दिसते, तिने कापूस पेटत नाही. चकमकीत जळतं ते पोलाद. गार पोलादापेक्षा कठीण असते, तिची धार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत लालभडक होऊन जळतो. गारेची आपल्याकडे वाण नाही. सगळा खान्देश काळ्या कातळावर बसलेला, आणि त्या कातळाच्या पोकळ्यांत गारगोट्या भरलेल्या. चाळीसगावजवळ पाटणे इथे श्री. साली यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. त्या माणसांची हत्यारं अशाच गारेच्या जातीच्या दगडांची आहेत. पण पोलाद त्यांच्याकडे नव्हतं. लाकडावर लाकूड घासण्यासारखा काही उपाय ते करत असणार, आणि पावसाळ्यात ओल्या लाकडाने ते किती जिकिरीचं होत असेल! म्हणूनच पावसात आग पेटवण्यापेक्षा ती सांभाळणं जास्त महत्त्वाचं.

हे सांभाळणं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. १९५० च्या दशकात आमच्या गावी काडेपेटी होती, पण ती जपून वापरायची वस्तू होती. पावसाळ्यात तर ती भानोशीवर उबेला ठेवायची, कारण दमट हवेत काडीचा गूल मऊ पडतो आणि पेटीची बाजू उखडून निघते. सकाळी शेजारीण गोवरीचा तुकडा घेऊन दारात यायची, "विस्तव द्या हो." तिन्हीसांजेला मात्र विस्तव कोणी देत नसे, लक्ष्मी जाते म्हणून!

काडीचा इतिहास तसा अलीकडचा. इंग्लंडमध्ये जॉन वॉकरने १८२७ मध्ये घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. स्वीडनच्या पाश यांनी १८४४ मध्ये सुरक्षित काडीचं पेटंट घेतलं, म्हणजे अर्धा मसाला काडीवर आणि अर्धा पेटीच्या बाजूवर. आपल्याकडे आधी स्वीडन-जपानचा माल यायचा. मग १९२३ मध्ये स्वीडिश कंपनीने विम्को काढली, तिचा एक कारखाना अंबरनाथला होता. त्याच सुमारास शिवकाशीतही धंदा उभा राहिला. १९३४ मध्ये सरकारने काडेपेटीवर उत्पादन शुल्क बसवलं, इतकी ती घरोघरी पोचली होती. डिसेंबर २०२१ मध्ये पेटीचे एकाचे दोन रुपये झाले तेव्हा कोणाला कळलंही नाही. काडी स्वस्त झाली आणि विस्तव राखण्याचं काम संपलं. बायांच्या मागचा एक त्रास गेला, हे चांगलंच झालं. पण ते कसब हातातून गेलं, आणि त्याची किंमत मी १९७६ च्या आषाढात मोजली.

वडील गेले तेव्हा दोन दिवस झड लागलेली. बोरी नदीच्या काठावर आमची स्मशानभूमी, तेव्हा वर पत्रे नव्हते. दारात गोवऱ्या पेटवल्या, त्यातला विस्तव मडक्यात घातला. आमच्या सालदारबाबांनी तळाला राख घातली, मध्ये धुमसती गोवरी ठेवली, वर पुन्हा राख आणि तोंडावर खापर. मला म्हणाले, "भाऊ, उघडजो नको." घरातला मोठा मुलगा मी. मडकं घेऊन पुढे चाललो. अंगात नवी नोकरी, डोक्यात बी.ए. अर्ध्या वाटेवर मनात आलं, धूर दिसत नाही, विझला तर नाही? खापर सरकवून पाहिलं. आत लाल होतं. नेमकी त्याच वेळी सर आली. घाईने खापर लावताना हात ओला, खापर निसटलं आणि चिखलात पडून फुटलं. पुढचा रस्ता मी मडक्यावर टोपी धरून गेलो.

नदीवर पोचलो तेव्हा मडक्यात काळा चिखल होता.

लोकांनी खिशातल्या काडेपेट्या काढल्या, सगळ्या दमट. जी काडी पेटे ती वाऱ्याने जाई. रॉकेल आणलं होतं, पण ते पेटवायलाही ज्वाळा हवी. बाभळीची लाकडं ओली. काका म्हणाले, माणूस परत घरी पाठवा. तेव्हा सालदारबाबा पुढे आले. ते जातीने भिल्ल, सातपुड्याकडचे. पागोट्याच्या घडीतून त्यांनी बांबूची नळी काढली. तिच्यात सावरीचा कापूस होता, कोरडा ठणठणीत. चौघांनी घोंगडी धरली, तिच्याखाली ते बसले. चकमकीचे सात-आठ घाव. कापसाला ठिपक्याएवढी लाली आली. एक गोवरी फोडून तिच्या आतल्या कोरड्या भुश्यात त्यांनी तो कापूस ठेवला, आणि मग जे केलं ते मी विसरणार नाही. ते घोंगडीबाहेर आले आणि गोवरी दोन्ही हातांत वाऱ्याकडे धरली. ज्या वाऱ्याने आमच्या वीस काड्या मारल्या, त्याच वाऱ्याने ती गोवरी फुलवली. मग राळ टाकली, रचलेल्या गोवऱ्या खालून पेटल्या.

अग्नी मीच दिला. पण तो घरचा विस्तव नव्हता, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. भिल्लाच्या हातचा, असं एकजण पुटपुटलाही. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, तो गप्प झाला. गावात पुन्हा हा विषय निघाला नाही. आमच्या घरात तर आजवर कोणालाच माहीत नाही. आई जाईपर्यंत मी तिलाही सांगितलं नाही. धाकटी भावंडं हे वाचतील, म्हणून आज लिहिलं.

त्या संध्याकाळी आईने मला एवढंच विचारलं, "लवकर पेटलं ना रे? घरचा विस्तव टिकला ना?" मी म्हणालो, "हो." सालदारबाबा ओट्याखाली बसले होते, भिजलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चिलीम भरायला घेतली.