टीसीएलचा मागोवा

गावच्या विहिरीत पडणारी टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, मुळात पाण्यासाठी जन्मलीच नव्हती. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने 1799 मध्ये विरवलेल्या चुन्यात क्लोरीन वायू मुरवून ती तयार केली, ती कापड पांढरं करायला. पुढे गटारांत नि शवागारांत ती दुर्गंधी मारू लागली, कारण रोग वासातून पसरतो असाच तेव्हा समज होता. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइसने 1847 मध्ये डॉक्टरांना याच पावडरीच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेही हाताला लागलेला शवाचा वास त्याने जातो म्हणून. एप्रिलमध्ये तिथे शेकडा 18 बाळंतिणी दगावत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण 2 वर आलं. उपाय सापडला होता, शत्रू अजून दिसायचा होता.

पाण्यातला शत्रू जंतुशास्त्रज्ञ कॉखला 1884 मध्ये कलकत्त्यात सापडला. पटकीचा जंतू रुग्णांच्या पोटात होता, तसाच लोक ज्या तलावाचं पाणी पीत त्यातही होता. तरी रोजच्या पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घालायला फारसं कोणी धजेना. विषमज्वराच्या साथीनंतर 1897 मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टोनला जलवाहिन्या तिच्या द्रावणाने धुतल्या, पण ते तात्पुरतं होतं. आपल्याकडे विहिरींत परमँगनेट पडे. आग्र्याच्या जंतुशास्त्रज्ञ हॅन्किनचा तो आग्रह.

खरं धाडस केलं अमेरिकेतल्या डॉ. जॉन लील यांनी. जर्सी सिटीच्या पाण्यावरून खटला चालू असतानाच 26 सप्टेंबर 1908 पासून त्यांनी बूंटनच्या जलाशयातून येणाऱ्या पाण्यात ही पावडर मिसळायला सुरुवात केली, तीही कोणाची परवानगी न घेता. विष घालता काय, अशी ओरड झाली. हे पाणी घरच्यांनाही देईन, असं त्यांनी साक्षीत सांगितलं आणि न्यायालयाने पद्धत मान्य केली. त्या एका निकालाने किती पोरं वाचली असतील!

पण पावडर टाकली म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं नाही. हजार लिटरला चांगली पावडर साधारण अडीच ग्रॅम लागते. बादलीत आधी तिची पातळ पेस्ट करायची, पाणी घालून ढवळायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं. चुना तळाला बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडायची, हिसडे देऊन पाणी ढवळायचं आणि तासभर कोणाला उपसू द्यायचं नाही. कोरडी पावडर काठावरून भिरकावून देणं हा शुद्ध कामचुकारपणा आहे. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, दमट कोपऱ्यात पडलं, की तो उडून जातो आणि हाती उरतो नुसता चुना.

म्हणून ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की ते पिवळं होतं. रंग जितका गडद, तितका क्लोरीन जास्त. विहिरीचं पाणी नळाने येत असेल, तर नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. आणि नमुना टाकीखालच्या नळाचा नव्हे, ओळीतल्या शेवटच्या घरचा घ्यायचा. पाणी बंद झालं की गळक्या पाइपात शेजारच्या गटाराचं पाणी ओढलं जातं, आणि ते त्या घरच्या हंड्यात येतं.