बॉम जेझूचा गिलावा

जुन्या गोव्यातले बॉम जेझू चर्च म्हटले की डोळ्यांसमोर येते ते उघड्या जांभ्याचे लालसर तपकिरी रूप. पोस्टकार्डांवर तेच, सहलीच्या फोटोंतही तेच. चारशे वर्षांपूर्वी कारागिरांनी हे चर्च असेच बांधले, अशी बहुतेकांची समजूत असते. पण हा लाल रंग जेमतेम सत्तर वर्षांचा आहे. त्याआधी साडेतीनशे वर्षे या भिंती चुन्याच्या गिलाव्याखाली होत्या.

चर्चची पायाभरणी १५९४ मध्ये झाली आणि १६०५ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुले झाले. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव इथे ठेवलेले असल्याने जगभरातून भाविक येतात. भिंती जांभ्याच्या असल्या, तरी दर्शनी भागातले खांब आणि कोरीव काम काळ्या दगडाचे आहे. हा दगड वसईहून आणला होता. वसईही तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. जिथे नक्षी उघडी राहणार तिथे कठीण काळा दगड आणि बाकीच्या भिंतीला जांभा व वरून गिलावा, असा हा सरळ हिशोब होता.

कोकणातल्या माणसाला जांभा समजावून सांगावा लागत नाही. चिरेखाणीतून नुकताच निघालेला चिरा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो. वारा-ऊन लागले की तो कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. चिरा हातात घेऊन पाहिला तर त्यात बोटाची पेरे जातील एवढी भोके दिसतात. लोखंडाच्या गंजाचा लाल कडक सांगाडा आणि त्याच्या पोकळ्यांत मऊ पिवळसर माती, अशी त्याची रचना. अंगठ्याने घासले तर ही माती बोटाला लागते. पावसाची झड वर्षानुवर्षे नेमकी तिलाच धुऊन नेते. भोके मोठी होतात, त्यांत पाणी साचते, शेवाळ धरते आणि मग सांगाड्याच्या कडाही ढासळू लागतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांतच.

म्हणूनच कोकणात पश्चिमेच्या भिंतीवर पावसाआधी माडाचे विणलेले झाप बांधतात, आणि म्हणूनच गोव्याच्या चर्चांना चुन्याचा गिलावा असे. किनाऱ्यावर चुनखडी दुर्मीळ, पण शिंपल्यांना तोटा नाही. ते भट्टीत भाजायचे, पाण्यात टाकायचे, म्हणजे ते खदखदून फुटतात. मग वाळूबरोबर मळून मळून गिलावा तयार होतो. मळण्यासाठी बैल जुंपलेला चुन्याचा घाणा असे. त्याची गोल दगडी पन्हळ आपल्याकडच्या अनेक गडांवर आजही दिसते. चुन्याची मोठी खुबी अशी की तो पावसाची झड अंगावर घेतो, पण भिंतीत शिरलेली ओल वाफेच्या रूपाने बाहेरही सोडतो. ओलीबरोबर येणारे क्षार त्याच्यातच फुलतात आणि भिंतीऐवजी तोच झडतो. झडला की गवंडी नवा थर देतो, कुंचा फिरतो आणि भिंत पुढच्या पावसाला तयार होते.

हे पांघरूण १९५० च्या दशकात उतरवले गेले. ते काम पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार द कास्त्रो यांच्या देखरेखीखाली झाले. पोर्तुगालच्या सरकारी स्मारक खात्यात तेव्हा जुन्या चर्चांवरचे नंतरचे थर काढून ‘मूळ’ दगड दाखवण्याची रीत होती. कास्त्रो उत्तर पोर्तुगालमधल्या ग्रॅनाइटच्या चर्चांवर काम करून आलेले. ग्रॅनाइट उघडा राहिला तरी शतके काढतो. गोव्याच्या पावसात उघडा पडलेला तासलेला जांभा ते करू शकत नाही. इमारतीला प्राचीन दाखवण्याच्या हौसेत तिचे संरक्षणच काढून घेतले गेले. हेतू वाईट नसेल, पण चूक मोठी होती.

देखभाल थांबली की जांभ्याचे काय होते, याचा पुरावा जवळच मॉन्ते सांतो टेकडीवर उभा आहे. १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आली आणि सेंट ऑगस्टीनचे चर्च ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा उरलेला भाग तेवढा आज दिसतो.

दुरुस्ती म्हणजे सिमेंट, असे समीकरण आपल्याकडे पक्के झाले आहे. वाड्यांत, देवळांत, गडांच्या तटांवर ते दिसते. जुन्या भिंतीला सिमेंट मारले की ओल बाहेर पडत नाही. ती आतून वर चढते, क्षार सिमेंटमागे साठतात आणि काही वर्षांत गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतो. बॉम जेझूसाठी औषध जुनेच हवे, ते म्हणजे चुना. संवर्धनाचे जाणकार आणि चर्चशी संबंधित मंडळी गेली काही वर्षे गिलावा परत करण्याची मागणी करत आहेत. लोकांना लाल रूपाचाच लळा लागला आहे, ही खरी अडचण. तो लळा समजण्यासारखा आहे, पण त्यासाठी दर पावसाळ्यात थोडी थोडी भिंत गमावणे परवडणारे नाही. १९८६ पासून जागतिक वारसा असलेल्या या इमारतीला तिचा गिलावा परत मिळालाच पाहिजे.

जुन्या गोव्याला गेलात तर बॉम जेझूच्या भिंतीजवळ जाऊन चिऱ्यांची भोके पाहा. मग रस्ता ओलांडून से कॅथेड्रलची भिंत पाहा. तीही जांभ्याचीच आहे, पण तिच्यावर चुना आहे.