दंतवैद्य, गिरणीवाला आणि गवळ्याचा मुलगा

घरासमोरचा बर्फ उडवणाऱ्या विजेच्या यंत्राचा मूळपुरुष शोधत गेलं, तर सापडतो एक दंतवैद्य. टोरांटोच्या जे. डब्ल्यू. एलियट यांनी १८६९ साली एका फिरत्या चाकाचं पेटंट घेतलं. आगगाडीच्या पुढे पात्यांचं चाक लावायचं, त्यानं रुळांवरचा बर्फ कापायचा आणि बाजूला भिरकावायचा, अशी ती कल्पना. दाढा कोरणाऱ्यालाच हे सुचलं, यावर विनोद करायचा मोह मी आवरतो. एलियट यांनी ते यंत्र प्रत्यक्षात कधी बांधलंच नाही.

गरज मात्र खरी होती. तोवर रेल्वेकडे होता पाचरीच्या आकाराचा लोखंडी नांगर. मागून इंजिनांनी वेग घेऊन धडक मारायची आणि बर्फ दोन्ही बाजूंना सारायचा. मोकळ्या माळावर हे जमतं. पण डोंगर कापून काढलेल्या खिंडीत सारलेल्या बर्फाला जायला जागाच नसते. तो तिथेच दाबला जातो, टणक होतो आणि नांगर त्यात रुतून बसतो. मग शेकडो मजूर फावडी घेऊन गाडी उकरायला जात. बर्फ हलवणं सोपं, तो टाकायचा कुठे हे अवघड. या यंत्राच्या कुळातल्या प्रत्येक पिढीला हाच प्रश्न सोडवावा लागला आहे.

एलियट यांचं कागदावरचं चाक फिरवलं ते ऑन्टारिओतल्या ऑरेंजव्हिल गावच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं. त्याचं नाव ऑरेंज जल. नाव ऑरेंज, गाव ऑरेंजव्हिल! त्यानं छोटे नमुने तयार केले आणि ते वाळूत चालवून पाहिले. वाळू उडते तर बर्फही उडेल, हा गिरणीवाल्याचा हिशेब मला फार आवडतो. १८८३-८४च्या हिवाळ्यात त्यानं लेस्ली बंधूंकडून पूर्ण आकाराचं यंत्र बांधून घेतलं आणि ते चाललं. पुढे लेस्लींनी त्याच्याकडून हक्क विकत घेतले आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी, इंजिनं बनवणाऱ्या कुक कंपनीच्या कारखान्यात, ही ‘रोटरी’ यंत्रं तयार करवून घेतली.

रोटरीत एक गंमत आहे. तिच्या पोटात बॉयलर आणि वाफेचं इंजिन असे, पण त्याची सगळी ताकद चाक फिरवण्यातच जाई. यंत्र स्वतःहून इंचभरही पुढे सरकत नसे. त्याला मागून एक-दोन इंजिनं ढकलत. हे लक्षात ठेवा. आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त विजेच्या स्नो ब्लोअरची रचना हुबेहूब हीच आहे. मोटर फक्त चाक फिरवते आणि मागून ढकलणारं इंजिन म्हणजे घरमालक.

पण फेकायचाच कशाला, वितळवून का टाकू नये? आकडे मांडून पाहू. दोन गाड्या मावतील असा ड्राइव्हवे सहा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब धरू. त्यावर पंधरा सेंटीमीटर बर्फ पडला, तर नऊ घनमीटर झाला. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला सुमारे १०० किलो भरतो, म्हणजे एकूण ९०० किलो. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. सगळा वितळवायचा तर साधारण ८३ युनिट वीज! तोच बर्फ दहा मीटर दूर फेकायला, घर्षण सोडून दिलं तर, एका युनिटचा ऐंशीवा भाग पुरतो. घर्षण अर्थातच सुटत नाही. कापणं, चेपणं, नळीतून वर चढवणं यांत प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट वीज जाते. तरीही काम एका युनिटच्या आतबाहेर उरकतं. गिरणीवाल्याला हे गणित ठाऊक असो-नसो, त्याचं चाक बरोबर होतं.

रुळांवरून हे यंत्र रस्त्यावर आणलं गवळ्याच्या मुलानं. आर्थर सिकार यांचा जन्म १८७६ सालचा, मॉन्ट्रियलजवळच्या सँ-लेओनारचा. घरचा दुधाचा धंदा. हिवाळ्यात रस्ते बुजले की दूध शहरात पोचवायचं कसं, ही त्या घराची दरवर्षीची विवंचना. अठराएक वर्षांचा असताना, १८९४ साली, त्यानं शेतात मळणीयंत्र चालताना पाहिलं. फिरती पाती पीक आत ओढताहेत आणि दुसऱ्या तोंडातून भुसा लांब उडतोय. गव्हाच्या जागी बर्फ घातला तर? या प्रश्नाचं चालतं उत्तर द्यायला त्याला १९२५ साल उजाडलं. चारही चाकांना जोर असलेला ट्रक, पुढे बर्फ ओढून घेणारी पाती, वेगळ्या इंजिनावर चालणारा पंखा आणि दिशा बदलता येणाऱ्या दोन नळ्या. बर्फ नव्वद फुटांपलीकडे उडे किंवा शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये थेट भरला जाई. १९२७ साली उत्रमाँ या उपनगरानं त्याचं यंत्र घेतलं, पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलनं. मॉन्ट्रियलमध्ये आजही बर्फ असाच ट्रकमध्ये भरून शहराबाहेर नेतात, आणि त्याआधी रस्त्यावरच्या गाड्या हलवा म्हणून भोंगा वाजतो.

मराठी पर्यटकानं या शाखेचे वंशज पाहिलेले असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी रोहतांगला किंवा झोजी लाला गेलं की दोन्ही बाजूंना सरळ कापलेल्या बर्फाच्या भिंती लागतात आणि सगळे तिथे उतरून फोटो काढतात. त्या भिंतींमागे सीमा सडक संघटनेची माणसं आणि त्यांची बर्फ कापणारी यंत्रं असतात.

घरगुती शाखा फुटली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिका-कॅनडात उपनगरं वाढली, प्रत्येक घरापुढे गाडीसाठी ड्राइव्हवे आला, आणि कित्येक गावांत घरासमोरचा पदपथ साफ ठेवणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी झाली. मिनेसोटातल्या टोरो कंपनीनं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्नो बॉय’ नावाचं मागून चालत ढकलायचं यंत्र काढलं. ही कंपनी गवत कापायची यंत्रं बनवायची. उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात बर्फ, अशी बारमाही सोय. पण आभाळाच्या भरवशावरच्या धंद्याचं व्हायचं तेच झालं. १९७९-८० आणि १९८०-८१ हे लागोपाठचे हिवाळे कोरडे गेले, माल पडून राहिला आणि कंपनी पार गोत्यात आली. सावरताना, १९८३ साली, तिनं योजना काढली: तुमच्या गावी सरासरीच्या वीस टक्क्यांहूनही कमी बर्फ पडला तर पूर्ण पैसे परत, यंत्र तुमच्याकडेच. कंपनीनं या जोखमीचा विमा उतरवला होता. पाऊस न पडल्यास छत्रीचे पैसे परत करणारा दुकानदार आपल्याकडे अजून निघालेला नाही.

विजेची यंत्रं आली ती आधी वायरवाली. त्यांची मर्यादा भिंतीतच आहे. उत्तर अमेरिकेत घरातला साधा प्लग १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचा, म्हणजे फार तर १८०० वॅट, जेमतेम अडीच अश्वशक्ती. मोटर कितीही भारी घ्या, प्लग त्याहून जास्त देणार नाही. त्यात लांब, बारीक एक्स्टेंशन लावली की वायरच तापते आणि मोटर रडते. जाड तारेची, थंडीत कडक न होणारी वायर हवीच. कॅनडाच्या मैदानी प्रांतांत गाडीचं इंजिन गरम ठेवण्यासाठी घराबाहेर प्लग असतोच, त्यामुळे तिथे सोय बरी. तरी दर फेरीला वायर आपल्याच पात्यात येऊ न देण्याची कसरत उरते. लहान ड्राइव्हवे, मोजका बर्फ आणि हाताशी प्लग असेल, तर या स्वस्त यंत्राला नाव ठेवायचं कारण नाही.

लिथियम-आयन बॅटरीनं वायर सोडवली. सोनीनं १९९१ साली बाजारात आणलेली ही बॅटरी आधी कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये गेली. बर्फ ढकलण्याइतकी दांडगी व्हायला २०१०चं दशक निम्म्यावर यावं लागलं. आता ५६ व्होल्टच्या, साडेसात अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या धरा: ८४० वॅट-अवर. मोटरनं सतत १५०० वॅट ओढले तर अर्ध्या तासापेक्षा थोडा जास्त वेळ. उलट एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते आणि इंजिननं त्यातली चार पंचमांश धूर-उष्णतेत घालवली, तरी उरलेली या जोडीच्या दुप्पट भरते. म्हणून बफेलोसारख्या, सरोवराकाठी एका वादळात गुडघाभर बर्फ टाकणाऱ्या गावी लांब ड्राइव्हवे असलेला माणूस पेट्रोल सोडत नाही, आणि त्याचं चुकत नाही. बाकीच्यांना पहाटे शेजाऱ्यांना न उठवणारं, कार्ब्युरेटरची कटकट नसलेलं यंत्र मिळालं, हेही थोडं नाही.

मिसिसागा, ब्रॅम्प्टन किंवा शिकागोच्या उपनगरांत पहिलं घर घेतलेली मराठी कुटुंबं सहसा पहिला हिवाळा शव्हलवर काढतात. पन्नाशीपुढच्यांनी यात हौस दाखवू नये. क्वेबेकमधल्या १९८१ ते २०१४च्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात, वीस सेंटीमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांचा हृदयविकाराच्या झटक्यानं मृत्यू होण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशानं वाढलेली दिसली.

यंत्र निवडताना लोक ड्राइव्हवेची लांबी मोजतात. मी म्हणेन, आधी त्याचं तोंड पाहा. आपण आतला बर्फ काढून होतो न होतो, तोच नगरपालिकेचा प्लाऊ रस्ता साफ करत येतो आणि रस्त्यावरचा सगळा गाळ आपल्या दारात ढकलून जातो. हा ढीग ओला, मिठानं माखलेला, गोठलेल्या ढेकळांचा असतो. ताजा बर्फ घनमीटरला १०० किलो असेल, तर हा सहज ३००च्या वर. इथे एकटप्पी यंत्र, म्हणजे रबरी पात्यांचं एकच चाक ओढतं आणि तेच फेकतं असं, धापा टाकायला लागतं. दोनटप्पी यंत्रात पुढचं मळसूत्र ढीग कुरतडतं आणि मागचा पंखा फेकतो. सिकारची वाट तीच. तुमच्या रस्त्यावर प्लाऊ उंच ढीग टाकत असेल किंवा ड्राइव्हवे खडीचा असेल, तर दोनटप्पीच घ्या. एकटप्पीचं रबर जमीन घासून चालतं. डांबरावर ते चकचकीत काम करतं, खडीवर मात्र दगड उचलून शेजाऱ्याच्या काचेवर मारतं.

वापरताना थोडं डोकं चालवावं. पंधरा सेंटीमीटर साठला की एक फेरी मारावी, वादळ संपायची वाट पाहू नये. वारा पाठीमागे ठेवून फेकावं. घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं की डावीकडची, रस्त्यालगतची थोडी जागा आधी मोकळी करून ठेवावी. तिकडे गाड्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे प्लाऊ डावीकडून येतो आणि त्याच्या पात्यापुढचा बराचसा ढीग तुमच्या तोंडाशी पोचण्याआधीच त्या खळग्यात पडतो. बॅटरी गराजमध्ये ठेवू नये, घरात ठेवावी. थंडीत तिची ताकद घटते, आणि गोठणबिंदूखाली चार्ज केली तर आतल्या लिथियमचा थर साचून ती कायमची बिघडते. बाहेरून आणल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मग चार्जरला लावावी.

आणि नळी तुंबेल. ओल्या बर्फात हमखास तुंबते; आतून सिलिकॉनचा फवारा मारला तर जरा उशिरा, इतकंच. तेव्हा हातमोज्यातला हात आत घालायची बुद्धी होते, कारण यंत्र विजेचं, खटका सोडला की गप्प. त्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवू नये. बॅटरी काढून खाली ठेवायची, वायरवालं असेल तर प्लग उपसायचा, आणि यंत्राच्या अंगावर खोचून दिलेली प्लास्टिकची दांडी असते तिनं बर्फ टोकरून काढायचा. दांडी हरवली असेल तर झाडूचा दांडा चालतो.