कॅप्टन रेगन यांचे युद्ध

१९८३च्या नोव्हेंबरात इस्राएलचे पंतप्रधान यित्झाक शामीर वॉशिंग्टनला गेले होते. नाझींच्या छळछावण्यांचे चित्रीकरण आपण स्वतः केले, असे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यांना सांगितल्याचे इस्राएलमध्ये छापून आले. फेब्रुवारी १९८४मध्ये सायमन विझेन्थाल यांनीही त्यांच्याकडून तसेच काही ऐकले. ऐकणाऱ्यांचा गैरसमज झाला असावा, अशी सारवासारव मागाहून झाली. ती करणे भागच होते, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेगन अमेरिकेबाहेर गेलेच नव्हते.

खोटारडेपणा म्हणून हे प्रकरण निकालात काढता येते, आणि अनेकांनी काढलेही. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र जरा थांबावे, असे मला वाटते.

रेगन लष्करात आले ते १९३७ साली, आयोवातल्या डे मॉइन येथे, घोडदळाच्या राखीव दलात. तेव्हा ते रेडिओवर खेळांचे धावते वर्णन करीत. एप्रिल १९४२मध्ये प्रत्यक्ष सेवेचे बोलावणे आले. पण दृष्टी इतकी अधू, की परदेशी पाठवू नये असा शेरा पडला. काही आठवडे सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावर काढल्यावर त्यांची बदली हवाई दलाच्या पहिल्या चित्रपट पथकात झाली. हे पथक कल्व्हर सिटीतल्या हॅल रोच यांच्या स्टुडिओत होते. लॉरेल-हार्डीचे विनोदी चित्रपट जिथे निघाले, तिथे आता गणवेशातले दिग्दर्शक आणि संकलक सैनिकांसाठी प्रशिक्षणपट काढू लागले. लोक त्याला गमतीने ‘फोर्ट रोच’ म्हणत. डिसेंबर १९४५मध्ये रेगन कॅप्टन म्हणून सेवेतून मुक्त झाले.

जपानी ‘झीरो’ विमान कसे ओळखावे, हे शिकवणाऱ्या १९४३च्या एका प्रशिक्षणपटात त्यांनी तरुण वैमानिकाची भूमिका केली. हा वैमानिक आपल्याच मित्राच्या विमानाला शत्रूचे समजून गोळ्या झाडतो. दूरचे नीट न दिसणाऱ्या माणसाच्या वाट्याला नेमकी नजरेच्या चुकीची गोष्ट यावी!

त्यांचे खरे काम होते आवाजाचे. स्टुडिओच्या जमिनीवर जपानी प्रदेशाची प्रचंड प्रतिकृती उभारली जाई, वरून कॅमेरा सरकत जाई, आणि बॉम्बफेकी विमानांच्या चालकांना वाट सांगणारे निवेदन रेगन करीत. शहरांचे भाग जळत गेले, तशी प्रतिकृतीही बदलली जाई. एकट्या टोकियोत ९-१० मार्च १९४५च्या रात्री सुमारे एक लाख माणसे मेली.

म्हणजे युद्धात त्यांचा प्रत्यक्ष हात होता तो इथे. आत्मकथनात मात्र ही हकिकत कसबाची आणि गुप्ततेची करामत म्हणून येते. आणि जिथे ते नव्हते, तिथले ते साक्षीदार होतात. महाभारतातल्या संजयाची आठवण होणे साहजिक आहे. पण संजय रणांगणात उतरला होता, सात्यकीच्या हाती सापडून मरता मरता वाचला होता.

डिसेंबर १९८३मध्ये शौर्यपदकविजेत्यांपुढे रेगन यांनी एक प्रसंग सांगितला. विमान कोसळते आहे, जखमी पोराला सोडून न जाता चालक त्याच्याशेजारी बसतो, दोघेही मरतात. पत्रकारांनी पदकांच्या नोंदी चाळल्या. तो प्रसंग सापडला नाही. १९४४च्या ‘विंग अँड अ प्रेअर’ या चित्रपटात मात्र त्याच्याशी मिळतेजुळते दृश्य होते. दोघेही मेले, तर त्यांचे अखेरचे बोलणे ऐकले कोणी? वर्गात आपण शिकवतो तो सर्वज्ञ निवेदकच ते ऐकू शकतो. रेगन चार वर्षे त्या जागी बसले होते आणि पुढे तिथून उठलेच नाहीत, असे माझे मत आहे.

छावण्यांची फीत त्यांनी पाहिली होती, हे मात्र खरे. १९४५मध्ये युरोपातून आलेले चित्रीकरण त्यांच्या पथकाकडे आले. पुढे कोणी हे घडलेच नाही असे म्हणेल, या विचाराने त्याची एक प्रत आपण घरी ठेवली, असे ते सांगत.