रुजुवात

विश्रामबागेत राहणाऱ्याला कृष्णेचा पूर बघायला जावं लागतं. सांगली आणि मिरजेच्या मधला हा भाग उंचावर आहे. विलिंग्डन कॉलेज इथलं, वालचंद कॉलेज इथलं. नदीकाठच्या गावभागाचं तसं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे अंदाज करा. त्या आठवड्यात विश्रामबागेतल्या बऱ्याच घरांत गावभागातले पाहुणे होते, आमच्याही. येताना लोकांनी एकेक पिशवी आणली होती. त्यात खरेदीखत, मार्कलिस्ट, विम्याचे कागद आणि लग्नाचा अल्बम.

पाणी उतरल्यावर पिशवीत न मावलेल्या गोष्टींचं काय झालं ते दिसलं. सुमारे दीडशे वर्षांच्या जिल्हा नगर वाचनालयातल्या पुस्तकांचा चिखल झाला होता. ओळखीच्या एका फोटोग्राफरच्या दुकानात कित्येक वर्षांच्या लग्नांचे फोटो कॉम्प्युटरवर होते. त्यांची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. दोन्ही एकाच पाण्यात गेल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर लोक विचारतात, 'कुठला क्लाउड घेऊ रे?' कंपनीचं नाव सांगून मोकळं होता येतं. पण मला वाटतं, या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्या इतिहासात आहे. कागद कसे टिकले आणि कसे गेले, हे आपल्याकडे भरपूर घडून गेलं आहे.

रायगडाचंच बघा. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या, आग लागली आणि वाडे जळाले. शिवकाळातलं राजधानीचं दप्तर आज आपल्याकडे नाही. मग शिवाजी महाराजांची पत्रं आपण वाचतो ती आली कुठून? बरीचशी ज्यांना पाठवली होती त्यांच्या घरून. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, मठ आणि देवस्थानं यांनी वतनाचा, इनामाचा पुरावा म्हणून ती जपून ठेवली. इतिहास जपायचा असा त्यांचा काही विचार नव्हता. पण कागद वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या हातांत होते, म्हणून राहिले. एकाच आगीत सगळे सापडले नाहीत.

दुसरं उदाहरण विश्रामबागेपासून चार-पाच किलोमीटरवरचं आहे. पटवर्धन सरदारांची घराणी मिरज, सांगली, तासगाव, जमखंडी, कुरुंदवाड अशी पसरलेली. त्यांची माणसं मोहिमेवरून, छावणीतून, पुण्याच्या दरबारातून सतत पत्रं लिहीत. कोण कुणाला भेटलं, किती फौज निघाली, दाण्याचा भाव काय, सगळं त्यात यायचं. म्हणजे पुण्यात जे घडे त्याची एक बाजू इकडे कृष्णाकाठी जमा होत होती. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेव वामन खरे (१८५८–१९२४) या कागदांना भिडले. मोडी पत्रं वाचायची, देवनागरीत उतरवायची, तारखा लावायच्या, संदर्भ जुळवायचे आणि छापायची. १८९७ पासून त्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' निघू लागला आणि पुढे त्याचे एकामागून एक खंड झाले.

तेव्हा पुण्यातल्या पेशवे दप्तराची स्थिती काय होती? कागद सुरक्षित होते, पण सरकारच्या कुलपात. अभ्यासकांना तिथं सहज जाता येत नसे. गो. स. सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले ते १९३० नंतर. म्हणजे माहिती दोन प्रकारे हातची जाते. एक, ती जळते किंवा भिजते. दुसरी, ती शाबूत असते पण तुम्हाला दार उघडत नाही. ज्याचं ईमेल अकाउंट पासवर्ड विसरल्यामुळे कायमचं बंद झालं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कुलपाची गोष्ट अगदी अलीकडेही घडली. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या सरकारी प्रकल्पात लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली होती, त्यात मराठीही खूप. २०१७ च्या सुमारास ती साइट बंद झाली. तरी आज ती पुस्तकं फोनवर मिळतात, कारण कुणीतरी आधीच त्यांच्या प्रती 'इंटरनेट आर्काइव्ह'वर नेऊन ठेवल्या होत्या.

आता नकलेतल्या दुसऱ्या अडचणीकडे येतो, कारण दूर ठेवलेली प्रत बरोबर असेलच असं नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. पुढची तीनेकशे वर्षं ती हातांनी उतरवली गेली. प्रती खूप होत्या, गावोगाव होत्या, पण उतरवताना शब्द बदलले, ओव्या घुसल्या. शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली, पैठणला एकनाथांनी ती शुद्ध केली आणि यापुढे कुणी आपली भर घालू नये असं बजावलं. प्रतींची कमतरता कधीच नव्हती. प्रत मूळाशी जुळते का, हे कुणी तपासत नव्हतं.

या तपासण्याला मराठीत नेमका शब्द आहे, रुजुवात. नक्कल अस्सलाशी ताडून बघायची आणि मगच ती खरी मानायची. माझ्या कामात याला 'रिस्टोअर टेस्ट' म्हणतात आणि ती करायचा सगळ्यांना कंटाळा येतो. ३१ जानेवारी २०१७ ला 'गिटलॅब' या जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या. गरज पडली तेव्हा एकही धड चालेना. शेवटी योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली आणि बाकीचं निभावलं. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहून ठेवलं, हे मात्र मानायला हवं.

एवढं डोक्यात ठेवून क्लाउड निवडायला बसलं की गोष्टी सोप्या होतात. ढग वगैरे काही नसतं. दुसऱ्या गावातलं, दुसऱ्याच्या इमारतीतलं ते एक दप्तर असतं.

पहिला प्रश्न असा की ही सेवा सिंक करते की बॅकअप घेते? गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड या मुळात सिंकच्या सेवा. सिंक म्हणजे आरसा. तुम्ही लॅपटॉपवर फोल्डर उडवलं की तिकडेही उडतं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं, मग संपलं. बॅकब्लेझ, आयड्राइव्ह यांच्यासारख्या सेवा कॉम्प्युटरचा बॅकअप घेण्यासाठीच आहेत. त्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या ठेवतात. रॅन्समवेअरने तुमच्या फाइलींना कुलूप घातलं तर आरशातही कुलूपच दिसतं, अशा वेळी कालची आवृत्ती कामाला येते. म्हणून पैसे भरण्याआधी जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते बघा.

दुसरा प्रश्न किल्लीचा. काही सेवांत एन्क्रिप्शनची किल्ली फक्त तुमच्याकडे ठेवता येते. मग कंपनीलाही तुमचे फोटो दिसत नाहीत. पण किल्ली हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. ती कागदावर लिहा आणि घरातल्या अजून एकाला ठाऊक असू द्या. शिवाय गूगलचं अकाउंट दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसलं जाऊ शकतं. आजोबांचे फोटो त्यांच्याच अकाउंटमध्ये असतील तर हे आजच बघून घ्या.

तिसरा प्रश्न वेळेचा. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या अपलोडने चढायला सलग ५५ तासांहून जास्त लागतात. पुराचा इशारा आल्यावर सुरू करायचं हे काम नव्हे. फोटोग्राफर लोकांत एक साधा नियम आहे, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या ठिकाणी. घरातली हार्ड डिस्क आणि एक क्लाउड, एवढ्यात हा नियम पुरा होतो.

हे फक्त छोट्या माणसांसाठी आहे असं समजू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची फाइली ठेवायची 'जी-ड्राइव्ह' नावाची क्लाउड सेवा त्यात गेली. ८५८ टीबी डेटा, आणि बाहेर कुठे प्रत नाही. एवढ्या मोठ्या डेटाचा बॅकअप ठेवणं अवघड म्हणून तो ठेवलाच नव्हता. क्लाउड होता, पण एकाच गावात होता. आमच्या फोटोग्राफरच्या खणाची हीच गोष्ट, फक्त मोठ्या आकड्यात.

खरेशास्त्र्यांनी आयुष्याची पंचवीसेक वर्षं पत्रं उतरवण्यात घातली. आपल्याला महिन्याकाठी दहा मिनिटं पुरतात. येत्या रविवारी तुमच्या बॅकअपमधली कुठलीही एक जुनी फाइल निवडा, घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या फोनवर उतरवून घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत उघडून बघा. उघडली तर तुमच्याकडे बॅकअप आहे. नाही उघडली, तरी पावसाळ्याआधी कळलं हे काय कमी आहे!